आमचं एकमत झालं नाही

संक्रांत झाली की आमच्या भागात थंडी लगेच निघून जात नाही, रेंगाळते. सकाळी शाळेत पोचावं तर व्हरांड्याची फरशी गार असते, आणि अकरा वाजले की वरचा पत्रा तापायला लागतो. रस्त्यावरून चाकणच्या बाजाराकडे कांद्याच्या पिकअप जातात, त्यांतली कांद्याची सालं उडून आमच्या मैदानात येतात. शेजारच्या कारखान्याच्या शेडमधला पत्रे दाबायचा प्रेस दिवसभर ठोके घालत असतो. सवय झालेल्यांना तो ऐकू येत नाही. नवीन लेकरं मात्र पहिले दोन दिवस प्रत्येक ठोक्याला डोळे मिटतात. याच दिवसांत मोबाइलवर ठरलेला संदेश येतो: वाचन तपासणी अमुक तारखेपासून, सर्वांनी आपापल्या वर्गाचे स्तर भरून ठेवावेत.

यंदाही तो परवा आला. वाचला आणि माझं डोकं ठणकायला लागलं. तपासणीची भीती म्हणून नव्हे. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कोणी माझा वर्ग तपासला तर मला घाम फुटत नाही. डोकं ठणकतं ते तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीमुळे. तेव्हाही असाच कांद्याचा वास होता, असाच पत्रा तापत होता, आणि आम्ही दोन बाया लेकरांना वाचायला कसं शिकवावं यावरून एकमेकींचं तोंड बघेनाशा झालो होतो.

आमची शाळा कुरुळीच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. जिल्हा परिषदेची. आजूबाजूला चाळी, भाड्याच्या खोल्या, त्यांत परभणी, जालना, लातूर, बुलढाणा इथून कंपन्यांत कामाला आलेली माणसं. मी स्वतः लातूरकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चिखलीत राहायला आले. दुसरीच्या दोन तुकड्या होत्या. एक माझ्याकडे, एक कुंदाकडे. कुंदा संगमेश्वरची, राहायला चिखलीतच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. सहा वर्षं ती माझ्या स्कूटीवर मागे बसून शाळेत आली. मोशीच्या कोंडीत, इंद्रायणीच्या पुलावर, चिंबळी फाट्याला, आमचं बोलणं कधी थांबलं नाही. तिच्या सासूचं दुखणं मला ठाऊक, माझ्या मुलाचे बारावीचे गुण तिला ठाऊक. आमच्यात एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर गाडी चालवताना बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं, आणि ती म्हणजे वाचन.

मी अक्षरांवाली. अक्षर पक्कं, मग काना, मात्रा, वेलांटी, मग शब्द, मग वाक्य. लेकराच्या हातात एकेक किल्ली द्यायची, सगळ्या मिळाल्या की कुठलंही कुलूप ते स्वतः उघडेल, असा माझा विश्वास. मी असंच शिकले, असंच शिकवलं, आणि माझी लेकरं वाचतात. कुंदाचं उलट. ती वर्गात आधी गोष्टी वाचून दाखवायची, मोठ्या अक्षरांतली चित्रांची पुस्तकं. लेकरं जे बोलतील ते फळ्यावर लिहायची, त्यांच्याच तोंडची वाक्यं, आणि त्यांतून अक्षरं शोधायला लावायची. तिचं म्हणणं, अर्थ हातात नसेल तर मूल वाचायला बसेलच कशाला. यात कोण बरोबर, हे मी आज सांगणार नाही. मला वाटतं मीच बरोबर आहे. तिलाही तसंच वाटतं.

हे असं नांदत होतं. ते बिघडवलं आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांच्या, मोबाइलवरच्या गटाने. त्या वर्षी प्रशिक्षणात कोणीतरी सांगितलं की बाराखडी पाठ करून घेणं जुनं झालं, आणि दुसऱ्या प्रशिक्षणात दुसऱ्याने सांगितलं की अक्षरज्ञान कच्चं ठेवणं हा मुलांवर अन्याय आहे. झालं. गटावर रोज युद्ध. कोणी एखादा व्हिडिओ टाकायचा, त्यात एक पोरगी घडाघडा वाचतेय. खाली कोणी लिहायचं, हे पाठांतर आहे. लगेच तिसरा: आपण किती वर्षं पहिलीला शिकवलंत, सर? चौथी: अनुभव म्हणजे सगळं नसतं, मॅडम. मध्येच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. त्या केकखाली पुन्हा बाराखडी. वैताग इतका यायचा की मोबाइल पालथा ठेवायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलून बघायचे. हा वैताग आपण स्वतःच हौसेने पाळतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख शाळेत आले. दुसरीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या होत्या, म्हणून आम्ही दोघीही तिथे होतो. त्यांनी कुंदाच्या वर्गातल्या पायलला उठवलं. पायल परभणीकडची, वडील चाकणला वेल्डिंगच्या कामावर, आई डबे भरण्याच्या कामाला. काळीसावळी, धीट पोरगी. तिने बाजारात शिरलेल्या शेळीच्या गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं आणि बोट ठेवून, हावभाव करून, शेळीच्या आवाजात वाचायला लागली. साहेब खूश. मग त्यांनी पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. मुद्दाम की चुकून, देव जाणे. पायलचं बोट नव्या पानावर गेलं आणि तोंडातून मधलं, झाकलेलं पान आलं. शब्दन् शब्द.

साहेबांनी पुस्तक मिटलं, तिच्या पाठीवर थोपटलं आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे 'अक्षर स्तर' असं लिहिलं. म्हणजे शब्दसुद्धा वाचता येत नाही. पायल आपली हसत जागेवर बसली. कुंदा खिडकीबाहेर बघत होती.

त्या संध्याकाळी गटावर पुन्हा तोच वाद पेटलेला होता. माझा कुकर लागला होता. दोन शिट्ट्यांच्या मध्ये मी लिहिलं: 'पान उलटायच्या आधीच पुढचं वाचणारी मुलं आपल्या केंद्रात तयार होत आहेत. अभिनंदन.' नाव घेतलं नाही. नाव न घेतल्याचं मला मोठं कौतुकही वाटलं. तिसऱ्या शिट्टीपर्यंत हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागली होती. कोणीतरी लिहिलं, 'कडक, बाई.' मला गुदगुल्या झाल्या. तेही लिहून टाकते. झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात कुंदा नव्हती. मी दहा मिनिटं थांबले. फोन केला तर उचलला नाही. शाळेत पोचले तेव्हा ती आधीच बसने आलेली, परिपाठाला उभी. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, जशी आपण पंचायत समितीतल्या कारकुनाकडे बघून हलवतो.

आता इथे माझी चूक होती हे मला लगेच कळलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. मला तिचाच राग आला. इतकं काय मनाला लावून घ्यायचं? मी पद्धतीवर बोलले, तिच्यावर नाही. हे वाक्य मी त्या आठवड्यात नवऱ्याला, बहिणीला आणि आरशातल्या स्वतःला मिळून बऱ्याच वेळा ऐकवलं. नवरा जेवता जेवता म्हणाला, "पद्धत काय स्कूटीवर मागं बसत नव्हती." त्यालाही दोन दिवस नीट उत्तर दिलं नाही.

चार दिवसांनी कुंदा मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात आली. बाहेर खिचडीची रांग होती. माझा अथर्व एकटाच बाकावर बसून वाचत होता. अथर्व म्हणजे माझं भूषण, अख्खी बाराखडी न अडखळता म्हणणारा. कुंदा त्याच्याशेजारी बसली, त्याच्या पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "वाच बरं." त्याने वाचलं. आ, ई. भा, जी. नि, व, ड, ते. एकही चूक नाही.

"आई काय करते मग?" कुंदाने विचारलं.

त्याने परत त्या ओळीकडे बघितलं. मग म्हणाला, "मला वाचता येतं, बाई. काय लिहिलंय ते न्हाई माहीत."

कुंदा उठली. मला वाटलं, आता मोबाइल काढणार. मी असते तर काढला असता. ती दाराशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी हे गटावर टाकणार नाही. पण तू ऐकलंस, एवढं मी बघितलंय." आणि गेली.

उपकार केल्यासारखं वागणारी माणसं मला सहन होत नाहीत. त्या दिवशी मी तिच्यावर जितकी चिडले तितकी आयुष्यात कोणावर चिडले नसेन. ती चुकीचं वागली असती तर सोपं गेलं असतं.

आमच्या मुख्याध्यापिका शेलारबाई जुन्या कुरुळीच्या. घरची शेती, आता त्यातली बरीच कंपन्यांच्या भिंतींच्या आत गेलेली. वरिष्ठांसमोर त्या छापील मराठी बोलायच्या, आणि आमच्याशी गावचं. आठवडाभर त्यांनी आमचं बघितलं. आम्ही एकमेकींना निरोप पाठवायला लेकरं वापरायला लागलो तेव्हा त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोघींना थांबवून घेतलं. टेबलावर हरभऱ्याचे डहाळे पडले होते. त्या घाटे सोलत होत्या.

"फोन कपाटात ठिवा," त्या म्हणाल्या. ठेवले. "आता दर शनिवारी एक तास बसायचं. भांडा, माझं काय न्हाई. पर चार गोष्टी हायेत. बोलायचं तर एका लेकराची वही पुढं ठेवून बोलायचं, सगळ्या लेकरांविषयी न्हाई. कुनाची नोकरी किती वर्सं झाली ते काढायचं न्हाई. 'तुमच्यासारख्या' हा शब्द न्हाई. आन् समोरची काय म्हनली ते आधी तिला पटंल असं सांगायचं, मग आपलं."

"बाई, आम्ही काय दुसरीतल्या मुली आहोत का?" मी म्हणाले.

"न्हाई," शेलारबाई म्हणाल्या. "त्या बऱ्या हायेत."

पहिला शनिवार वाया गेला. अथर्वची वही पुढे होती. कुंदा म्हणाली, "सुषमाचं म्हणणं असं की अर्थ नंतर आला तरी चालेल."

"मी असं कधीच म्हटलेलं नाही."

"बरं. सुषमाचं म्हणणं असं की अक्षरं आली की अर्थ आपोआप येतो."

"आपोआप नाही म्हणाले मी."

"मग काय म्हणालीस, गो बाई?"

आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं जे करत होते ते एका वाक्यात सांगता येईना. मी तिच्याच बोलण्यात खोट काढत बसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "कुंदाचं म्हणणं, लेकरांनी अंदाजाने वाचलं तरी हरकत नाही." ती इतक्या थंडपणे "नाही" म्हणाली की शेलारबाईंनी सोललेले हरभरे आमच्या मध्ये सरकवले. तासभरात आम्ही दोन वाक्यं पूर्ण केली असतील. घरी येताना वाटलं, असला आदर काय कामाचा? त्यापेक्षा गटावरचं भांडण बरं, निदान लवकर संपतं.

दुसऱ्या शनिवारी थोडं पुढे गेलो. तिसऱ्या शनिवारी पहिल्यांदा कुंदाने माझं म्हणणं असं सांगितलं की मला मान डोलवावी लागली. ती म्हणाली, "सुषमाला भीती वाटते की अक्षर कच्चं राहिलं तर मूल कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहील. पुस्तक समोर असूनही." भीती हा शब्द मी कधी वापरला नव्हता. पण होतं ते तेच. माझी आई अशीच होती. पोथी समोर धरून बसायची, आणि वाचायची शेजारीण. हे मी कुंदाला स्कूटीवरच्या सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. तिथे टेबलाशी सांगितलं. त्या दिवशी ती माझ्याआधी फाटकाशी जाऊन थांबली. गाडीवर मात्र बसली नाही. "आज बसने जाते," म्हणाली. तिचंही बरोबर होतं. मी अजून त्या संदेशाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

होळीच्या आधी पायलची आई दाखला मागायला आली. वडिलांचं इथलं काम संपलं होतं, रांजणगावला दुसरं मिळालं होतं, धुळवड झाली की निघणार. आम्हाला हे नवं नाही. लेकरू अर्धं शिकतं आणि जातं. हजेरीपटावर लाल रेघ ओढायची आणि नवं नाव लिहायचं. पण पायलची आई दाखल्याच्या अर्जावर अंगठा उमटवून तिथेच उभी राहिली.

"बाई, हिला जाताना वाचता आलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मोठीचं असंच झालं. तीन गावं, तीन शाळा. आता ती घरीच हाय."

त्या वाक्यात आमच्यावर आरोप नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. ती पदर सारखा करून निघून गेली आणि आम्ही दोघी कचेरीत उभ्या राहिलो. महिनाभर आम्ही ज्या मुलीच्या जिवावर भांडत होतो ती मुलगी नऊ दिवसांनी जाणार होती. मी तिच्यावर चार टाळ्यांचं वाक्य लिहिलं होतं. वाचायला शिकवलं नव्हतं.

कुंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्षरांचं तू घे. मला तेवढ्या वेळात जमणार नाही."

हे तिला किती जड गेलं असेल ते मला कळलं. मी म्हणाले, "गोष्टीचं तू सोडू नकोस. नाहीतर ती माझ्यापाशी टिकायची नाही." हे मलाही जडच गेलं.

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. दुपारी शेवटचा तास पायलसाठी. पडवीत चटईवर ती मध्ये, आम्ही दोन बाजूंना. कुंदा तिला बोलतं करायची. पायल सांगायची, पप्पाचा डबा, डब्यात ठेचा, ठेच्याचा वास, खोलीवरचा पत्रा, पत्र्यावरची मांजर. कुंदा तेच शब्द तिच्यादेखत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायची. मग मी ते शब्द फोडायचे. डबा. ड, ब, ब ला काना. आता ड काढला आणि जागी आ ठेवला तर? आबा. अजून कुठल्या शब्दात बा आहे? बाबा, बाजार, बाई. पायल एकेक शब्द पकडून आणायची. शेडमधला प्रेस ठोके घालत होता आणि ती नकळत त्या ठोक्यावर अक्षरं म्हणायची.

लेकरासमोर वाद घालायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून आम्ही डोळ्यांनी घालत होतो. ती एखाद्या शब्दाशी अडली की मला वाटायचं, अक्षर दाखव. कुंदाला वाटायचं, थांब, विचार करू दे. एकदा मी बोट पुढे केलं तेव्हा कुंदाने ते सरळ हाताने बाजूला केलं. पायलने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"तुमची कट्टी हाय का?" तिने विचारलं.

"थोडी," कुंदा म्हणाली.

"का बरं?"

मी म्हणाले, "मी हिला सगळ्यांसमोर लागेल असं बोलले."

"मग सॉरी म्हणा की," पायल म्हणाली आणि पुन्हा कागदाकडे वळली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

त्या संध्याकाळी मी कुंदाला फोन करून माफी मागितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "लिहिलंस कुठे?"

"गटावर."

"मग माफीही तिथेच माग. मला एकटीला काय करायचीय?"

मला वाटलं होतं ती विरघळेल. पण तिचं बरोबर होतं, आणि त्याचाही राग आला. अर्धा तास मोबाइल हातात धरून बसले. शेवटी लिहिलं की अमुक दिवशी मी जे लिहिलं ते माझ्या सहकारी शिक्षिकेला उद्देशून होतं, ते खोचक होतं, त्यात लेकराचीही थट्टा होती, मी दिलगीर आहे. त्याखाली एक जोडलेल्या हातांचं चित्र. एक अंगठा. मग कोणीतरी गुलाबाच्या फुलावर लिहिलेला शुभ संध्याकाळचा संदेश टाकला आणि माझी दिलगिरी वर सरकून दिसेनाशी झाली. जे वाक्य टाळ्या घेऊन गेलं होतं त्याची माफी कोणी धड वाचलीही नाही. कुंदाने वाचली. सकाळी ती चौकात उभी होती. गाडीवर बसताना एवढंच म्हणाली, "हेल्मेट नीट घाल."

शेवटच्या दिवशी आम्ही पायलला कधी न पाहिलेली तीन वाक्यं दिली. चित्र नाही, गोष्ट नाही, कोरा फळा आणि खडू. तिने पहिलं वाचलं. हळू, पण वाचलं. दुसऱ्यात 'मांजर पत्र्यावर चढली' होतं. ती 'मांजर' म्हणाली, मग एकदम 'घरावर' म्हणाली, थांबली, कपाळाला आठ्या घातल्या, परत मागे गेली आणि म्हणाली, "पत्र्यावर." तिसरं वाक्य अर्धं राहिलं. घाम आला होता पोरीला. वाचून झाल्यावर तिने फळ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू फळ्याने तिला काहीतरी सांगितलं आणि ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.

त्यावरूनही आमचं भांडण झालं, पायल गेल्यावर. कुंदाचं म्हणणं, ती आधी अर्थाने 'घरावर' म्हणाली म्हणूनच तिला आपली चूक कळली. माझं म्हणणं, तिला 'प' दिसला म्हणून ती परत फिरली. आम्ही दोघींनी तेच लेकरू, तोच फळा, तोच क्षण बघितला होता.

शेलारबाई म्हणाल्या, "हे दोन्ही लिवून द्या. रांजणगावच्या बाईला काय ठावं?"

दाखल्यासोबत असं पान जोडायची पद्धत नाही. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली, एवढंच. त्या पोरीची दोन वर्षं 'चांगली' या एका शब्दात. आम्ही एक पान लिहायला बसलो आणि त्या पानाला जेवढा वेळ लागला तेवढा मला डी.एड.च्या परीक्षेलाही लागला नसेल. कुठली अक्षरं पक्की, कुठल्या अक्षरांत गोंधळ, याला दहा मिनिटं. 'पायल अंदाजाने वाचते' असं मी लिहिलं, कुंदाने ते खोडलं. 'पायल अर्थ लावत वाचते' असं तिने लिहिलं, मी खोडलं. कागद मळला, नवा घेतला. शेवटी तिथे असं लिहिलं: 'अनोळखी शब्दाशी पायल कधी कधी दुसराच शब्द बोलते आणि स्वतः सुधारते. ती कशामुळे सुधारते यावर आमचं एकमत नाही. सुषमा यांना वाटतं अक्षर बघून, कुंदा यांना वाटतं वाक्याचा अर्थ लावून. कृपया तुम्ही बघा. तिला शेळीची गोष्ट पाठ आहे, ती वाचायला देऊ नका. तिला मांजर आवडते.' खाली दोघींच्या सह्या.

शेलारबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "एकमत नाही, हे असं कागदावर लिवलेलं मी पैल्यांदा बघते," म्हणाल्या, आणि शिक्का मारला. शिक्क्याची काही गरज नव्हती.

जूनमध्ये रांजणगावहून एका बाईंचा फोन आला. पायल तिसरीत बसली होती, हळू वाचत होती, पण वाचत होती. त्या बाईंनी शेलारबाईंना विचारलं, या दोघींपैकी बरोबर कोण? शेलारबाईंनी फोन आमच्याकडे दिला. आम्ही दोघीही बोलायला लागलो आणि त्या बाईंना काहीच ऐकू आलं नाही.

दीड वर्षापूर्वी कुंदाची बदली जुन्नरकडे झाली. शेलारबाई निवृत्त झाल्या. आता स्कूटीच्या मागच्या सीटवर माझी पिशवी असते. अथर्व परवा रस्त्यात भेटला, मासिक वाचत चालला होता, चालताना वाचू नको म्हणून मी त्याला रागावले. मी आता अथर्वसारख्या लेकरांना रोज विचारते, काय वाचलंस ते सांग. हे मी कुंदाकडून घेतलं, असं तिला सांगितलेलं नाही. फोनवर ती एकदा सहज म्हणाली की जुन्नरच्या शाळेत तिने भिंतीवर अक्षरतक्ते लावलेत.

आणि गट? गट अजून आहे. नव्या नियमावलीत पहिलंच कलम आहे: परस्परांचा आदर राखावा, अध्यापन पद्धतींवर वाद घालू नये. तेव्हापासून सगळीकडे आदरच आदर. कोणी काहीही टाकलं की खाली जोडलेल्या हातांची रांग. परवाच्या तपासणीच्या संदेशाखालीही तीच. कोणाला काही पटलं नाही, कोणी काही विचारलं नाही, कोणाचं लेकरू कुठे अडलंय हे कोणी सांगितलं नाही. वाचून माझं डोकं ठणकलं ते यासाठीही. आम्ही दोघी वाईट भांडलो, मी तर फारच वाईट भांडले, पण त्या भांडणात निदान पायल होती. या आदरात कोणतंच लेकरू नाही.

कुंदाच्या जागी अश्विनी आली आहे. पंचविशीची, हुशार, मुलं तिच्यामागे मागे फिरतात. पण मी काहीही म्हटलं की तिचं उत्तर एकच, "तुम्ही सांगाल तसं, बाई." वर्षभर हे ऐकून माझे कान किटले होते. काल तपासणीची तयारी म्हणून ती तासभर माझ्या वर्गात मागे बसली. लेकरं गेल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान, बाई."

"अश्विनी, मला छान नकोय. काय खटकलं ते सांग."

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. बाहेर पिकअप गेली, कांद्याचा वास आत आला. मग ती म्हणाली, "खरं सांगू का? तुम्ही मुलांना फार लवकर थांबवता. ते चुकायच्या आतच."

माझ्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. माझ्या लेकाच्या वयाची पोर. जिभेवर आलं होतं, तुझी नोकरी किती वर्षांची. ते गिळलं. तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस. सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती बोलायला लागली. दुसऱ्याच वाक्याला मी म्हणाले, "अगं, पण त्याचं कारण असं की…"

"बाई," अश्विनी म्हणाली, "माझं अजून व्हायचंय."